तीन नंबरच्या बसमधली स्टाफरूम

आमची स्टाफरूम गेली ती कॉम्प्युटरपायी. उन्हाळ्याची सुट्टी संपवून आम्ही शाळेत आलो, तर दारावर नवी पाटी, खिडकीत एसी, आणि जिथे आमचं लांबलचक टेबल होतं तिथे ओळीने कॉम्प्युटर मांडलेले. प्रत्येकावर फुलाफुलांचं झाकण. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. माझ्या माहेरच्या देवघरातसुद्धा एवढं सोवळं कुणी पाळलं नव्हतं. नवे पालक आले की शाळेचे मालक आधी ती खोली दाखवायचे, आणि पालकही चपला काढून, दारातूनच दर्शन घेऊन, तृप्त होऊन परतायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुडगावात सेक्टरांना नंबर मिळाले होते, रस्ते मिळायचे होते. शाळेच्या एका बाजूला अर्धवट बांधलेले टॉवर आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. मुलांच्या डब्यात परोठ्याच्या जागी नूडल्स यायला लागल्या होत्या, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाबा अशा कंपन्यांत होते की ज्यांची नावं मला नीट उच्चारता येत नसत. सगळं नवं कोरं, आणि सगळ्यावर धुळीचा एक थर. मला ते आवडायचं. का, ते पुढे सांगते.

स्टाफरूम गेल्यावर प्रिन्सिपल मॅडमनी असेंब्लीनंतर जाहीर केलं, “टीचर्स अपनी-अपनी क्लास में बैठें.” बोलायला सोपं. माझा पीरियड मोकळा असला तरी वर्ग मोकळा नसतो, तिथे दुसरी बाई शिकवत असते. लायब्ररीत बोलायचं नाही, खायचं नाही. जिन्यात बसावं तर सहावीची पोरं अंगावरून उड्या मारत जातात. दोन दिवस आम्ही वह्यांचे गठ्ठे पोटाशी धरून निर्वासितांसारख्या फिरलो. तिसऱ्या दिवशी हिंदी शिकवणाऱ्या बड्या मॅडमनी मला व्हरांड्यातून हाक मारली आणि म्हणाल्या, “चल बेटा, घर देख के आई हूँ.”

घर म्हणजे तीन नंबरची बस. सकाळी मुलांना सोडून झालं की बसेस दिवसभर शाळेच्या मागच्या अंगणात उभ्या असायच्या. अख्ख्या आवारात एकच मोठं झाड होतं, शिरीषाचं, शेत होतं तेव्हापासूनचं. त्याच्या खाली तीन नंबरची बस. बड्या मॅडम पानिपतच्या. तिथल्या हातमागाच्या चादरींवर त्यांचा भारी जीव. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरून जुन्या चादरी आणून खिडक्यांना पडदे लावले, सुतळीच्या दोऱ्यांसकट. मागची लांब सीट त्यांची, आडवं व्हायला. तिच्या पुढची माझी. माझ्या शेजारी चित्रकलेची मॅडम, फरीदाबादहून दोन बस बदलून यायची, पोरसवदा आणि सदा हसरी. पुढच्या सीटांवर संस्कृतचे सर आणि आणखी दोघे-तिघे येऊन-जाऊन असायचे. टिफिन उघडले जायचे, वह्या तपासल्या जायच्या, मालकांची नक्कल व्हायची. माझ्या डब्यातल्या थालीपिठाला बड्या मॅडम ‘मराठों का पिझ्झा’ म्हणायच्या आणि अर्धं स्वतःच खायच्या.

बसचा ड्रायव्हर रोहतककडचा, आडदांड आणि मायाळू. दुपारी सावली सरकली की तो यायचा, बस सुरू करायचा, चार हात पुढे घ्यायचा आणि बंद करून निघून जायचा. आमच्याकडे वळूनही बघायचा नाही, कारण बघितलं तर त्याला आम्ही दिसलो असतो आणि मग त्याला वर सांगावं लागलं असतं. बस हलली की आम्ही वहीवरून मान वर न काढता म्हणायचो, “आ गई छाया.” ही आमची रीतच झाली.

आता माझी भाची फरीदाबादच्या एका शाळेत शिकवते. तिच्याकडे शिक्षकांसाठी लाउंज आहे, सोफे आहेत, कॉफीचं मशीन आहे. मी कौतुकाने विचारलं, “मग काय गं, धमाल चालत असेल?” ती म्हणाली, “मावशी, तिथे कुणी बसत नाही. सगळे आपापल्या वर्गात लॅपटॉप उघडून. निरोप फोनवर येतात.” मी कपाळावर हात मारला. आम्हाला बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही बस पळवली, आणि यांना सोफे असून बसता येत नाही.

पळवली म्हणजे आम्ही नाही पळवली. आम्हालाच तिने पळवलं. पण ते सांगायच्या आधी माझं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं.

माझ्या नवऱ्याची कंपनी मोटारींचे सुटे भाग करायची आणि दर तीन वर्षांनी त्याला नवा कारखाना उभा करायला कुठेतरी धाडायची. पुणे, पीथमपूर, होसूर, आणि आता मानेसर. प्रत्येक गावात मी शाळेत शिकवलं, आणि प्रत्येक गावात रजेच्या जागेवर. कुणी बाळंत झाली की मला बोलावणं यायचं, ती परत आली की मी घरी. माझी सगळी कारकीर्द दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणावर चालली होती. निरोपसमारंभ तर एवढे झाले की भेट मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळांना भिंती पुरेनात. या शाळेत मात्र मला पहिल्यांदा जागा मिळाली, स्वतःची. नववी-दहावीचं विज्ञान. एक वर्ष प्रोबेशन, मग प्रिन्सिपल मॅडम वर्गात येऊन पाठ बघणार आणि कायम करायचं की नाही ते ठरवणार. त्यामुळे मला इथली धूळसुद्धा आपली वाटायची.

तेवढ्यात नवऱ्याला पुन्हा विचारणा झाली. दक्षिणेत नवा कारखाना, जाणार का? एरवी तो विचार न करता हो म्हणायचा. या वेळी मी जेवणाच्या ताटावर सरळ सांगितलं, “मला नाही जायचं.” तो जरा वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, “तुझं कायम झालं तर मी नाही म्हणून सांगतो. नाही झालं तर मात्र जाऊ या. तेही नाही आणि हेही नाही, असं नको.” बोलला ते रास्त होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आणि कायम होण्याची आशा फारशी नव्हती. आमच्या प्रिन्सिपल मॅडम दिल्लीच्या सरकारी शाळेत जन्म काढून आलेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, त्यामुळे त्या कधी येऊन मागे उभ्या राहिल्या ते कळायचंच नाही. मुलाखतीत त्यांनी मला विज्ञानाचं काहीच विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, “आपके हस्बैंड की ट्रांसफर होती रहती है ना?” शाळेत सगळ्या म्हणायच्या, बदलीवाल्यांच्या बायकांना या कायम करत नाहीत. फक्त बड्या मॅडम म्हणायच्या, “तू पाठ ऐसा पढ़ा कि बुढ़िया के पास बहाना ही न बचे.” त्या स्वतः प्रिन्सिपलपेक्षा वयाने मोठ्या होत्या, म्हणून त्यांना ते शोभायचं.

पाठाचा दिवस ठरला ऑगस्टमध्ये, अंगाला कपडे चिकटतील असल्या उकाड्यात. नववीचा वर्ग, सहावा पीरियड, धडा गतीचा. मी आठवडाभर घरच्यांच्या डोक्यावर मिरे वाटले होते. चित्रकलेच्या मॅडमने सुरेख तक्ते करून दिले होते. माझ्या मुलाची खेळण्यातली आगगाडी, रूळ, थर्माकोलचं स्टेशन, सगळा जामानिमा मी पाचव्या पीरियडला बसमध्ये आणून मांडला आणि पडदे ओढून तालीम सुरू केली. बड्या मॅडम मागच्या सीटवर पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. चित्रकलेची मॅडम स्टेशनला तिकीटखिडकी चिकटवत होती. बाकी कुणी नव्हतं.

बस सुरू झाली. चित्रकलेची मॅडम मान वर न काढता म्हणाली, “आ गई छाया.”

मी डोळे मिटून व्याख्या घोकत होते. बस हलत होती, ठीक आहे, सावली आज जरा लांब गेली असेल. आगगाडी सीटवरून घसरली, ती मी उचलून परत ठेवली. मग आमच्या बसने हॉर्न दिला. शाळेच्या अंगणात हॉर्न कुणाला देतात, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी पडदा बाजूला केला. बाहेर जयपूरचा हायवे होता.

आमचा रोहतकवाला त्या दिवशी रजेवर होता. बदली आलेल्या ड्रायव्हरला सांगितलं होतं, तीन नंबरचे ब्रेक मानेसरच्या मिस्त्रीला दाखवून आण. त्याला बिचाऱ्याला आमची रीत कुठून ठाऊक असणार. आम्ही तिघी मागून एकदम ओरडलो तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. ब्रेक खरंच दाखवायच्या लायकीचे होते, कारण त्याने दाबल्यावर बस बरीच पुढे जाऊन थांबली. मागे वळून तो म्हणाला, “मन्नै के बेरा था, पाच्छै मैडम बैठी सैं!” म्हणजे मला काय ठाऊक, मागे मॅडम बसल्यात ते.

“गाड़ी मोड़,” बड्या मॅडम म्हणाल्या. पण हायवेच्या मधोमध दुभाजक, आणि वळायला जागा पार पुढे. तिथवर जाणं आलंच. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. बड्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “घबरा मत, मराठन. मेरा पानिपत तो दूसरी तरफ़ है. तुम लोगों का जो होना था वहाँ हो चुका.” मी रडता रडता हसले. एवढी वैतागले होते तरी हसले, हे मला आजही आठवतं.

परतीला वाटेत एक ट्रॉली आडवी, मग म्हशी, मग फाटक. शाळेच्या दारात उतरलो तेव्हा सहावा पीरियड बराच पुढे गेला होता. मी धावत सुटले. जिन्यावर लक्षात आलं की तक्ते, आगगाडी, स्टेशन, सगळं बसमध्येच राहिलंय. खिडकीतून बघते तो बस पुन्हा मानेसरच्या दिशेने निघालेली. मिस्त्री वाट बघत होता ना.

वर्गात चिडीचूप. शेवटच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम, मांडीवर चष्म्याचं घर. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे. “शुरू कीजिए,” एवढंच म्हणाल्या.

मी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि पुस्तकातली व्याख्या म्हटली. वर्ग मेल्यासारखा. मी दुसरी व्याख्या म्हटली. प्रिन्सिपल मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझं पानिपत आता इथेच होतंय, असं मला स्वच्छ दिसलं. आणि तेव्हा, का कोण जाणे, मी खडू ठेवला आणि मुलांना विचारलं, “अच्छा बताओ, बंद गाड़ी में बैठे हो, खिड़की पर परदा है. गाड़ी चल रही है या खड़ी है, कैसे पता चलेगा?”

एक मुलगी म्हणाली, आवाजावरून. मी म्हटलं, इंजिन तर उभ्या गाडीतही चालू असतं. एक मुलगा म्हणाला, झटका बसेल. “निघताना बसेल. पण एकदा एकाच वेगाने चालायला लागली की?” मुलं विचारात पडली. पुढे वाकून बसली. वर्ग असा पुढे वाकला की शिक्षकाला काय होतं ते दुसऱ्या शिक्षकालाच विचारा, आपलं भान राहत नाही. मी सांगत सुटले. आत बसलेल्या माणसाला शेजारची मॅडम जागच्या जागी दिसते, सीट जागच्या जागी दिसते, त्याच्या दृष्टीने सगळं स्थिर. पडदा बाजूला केला, बाहेरचं झाड मागे पळताना दिसलं, की मग कळतं. म्हणजे कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय गतीला अर्थच नाही.

“पर मैम,” ती मुलगी म्हणाली, “जब चली थी तब तो झटका लगा होगा?”

“लगा था ना,” मी म्हटलं, “पर हमें लगा कि ड्राइवर छाया में कर रहा है.”

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं मी काय बोलून बसले ते. मग दुसऱ्या बाकावरून एक आवाज आला, “मैम, तीन नंबर वाला स्टाफरूम चल पड़ा क्या?”

अख्खा वर्ग हसला. पोरांना सगळं माहीत होतं. वह्यांचे गठ्ठे तेच तर पोचवायचे बसमध्ये. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी शेवटच्या बाकाकडे बघण्याचं टाळलं, पण आवाज आलाच, “रुक क्यों गईं? पढ़ाइए.” मग मी शिकवलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून म्हशींसकट सगळं सांगून शिकवलं. दुभाजक, वळण, वेग, अंतर, सगळं त्या एका प्रवासात होतं. पोरांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. घंटा झाली तेव्हा कुणी दप्तर आवरत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात बड्या मॅडम कमरेला पदर खोचून उभ्या. प्रिन्सिपल मॅडम दिसताच म्हणाल्या, “स्टाफरूम आपने ले ली, बस मैंने ढूँढी. इस बच्ची का कोई क़सूर नहीं. जो कहना है मुझसे कहिए.”

“आपसे यही कहना है,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “कि कंप्यूटर वाला कमरा मैं वापस नहीं दिला सकती. वो मेरे बस का नहीं. बस वहीं खड़ी रहेगी. पर जो भी ड्राइवर चाबी ले, पहले पीछे झाँक के देखे.” बड्या मॅडम भांडायच्या पूर्ण तयारीने आलेल्या. त्या नुसत्याच माझ्या विस्कटलेल्या केसांना नीट करायला लागल्या.

मग प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे वळल्या. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “आपको पढ़ाना आता है, ये मुझे पहले महीने से मालूम है. वो देखने मैं नहीं बैठी थी. पिछले साल दो टीचर बीच साल में चली गईं. बच्चे आकर मुझसे पूछते थे, हमारी मैम कब आएँगी. रोज़ पूछते थे. अब ये लोग आपके लिए पूछें, तो मैं क्या कहूँगी, मैं वहाँ बैठी यही सोच रही थी.” त्यांनी चष्मा लावला. “इसलिए बताइए. आप रहेंगी?”

इतक्या गावांत, इतक्या शाळांत मला सगळ्यांनी विचारलं होतं, तुम्ही कधीपर्यंत आहात. राहाल का, असं मला कुणीही विचारलं नव्हतं. 

“रहूँगी,” मी म्हटलं.

“ठीक है,” त्या म्हणाल्या, आणि लगेच घड्याळ बघितलं. “छठी-बी की मैडम आज आई नहीं हैं. सातवाँ पीरियड आपका ख़ाली है ना? वहाँ अरेंजमेंट ले लीजिए.”

अरेंजमेंट म्हणजे गैरहजर बाईंचा वर्ग सांभाळायची सक्ती. मोकळा पीरियड असा हातचा गेला की कुठलाही शिक्षक मनातल्या मनात शिव्या घालतो, मीही आयुष्यभर घातल्या. त्या दिवशी मी पदराने डोळे पुसत जिना उतरले, सहावी-बीच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि त्या पोरांनी बाकं वाजवून केलेला गोंधळ ऐकत मला वाटलं की ही सगळी आपलीच आहेत.